निळ्या ड्रमाचा अबोला

केशवरावांच्या घरात रविवारचा सिनेमा ठरला तो सासूबाईंच्या पंचाहत्तरीपायी. सासूबाई म्हणजे आवडाबाई. त्या पुंडलिकनगरात थोरल्या लेकीकडे, पद्मजाबाईंकडे, म्हणजे केशवरावांकडेच राहायच्या. त्यांनी अट घातली होती, की तिन्ही लेकी एकाच तबकानं ओवाळणार असतील तरच पाटावर बसेन. नाहीतर पंचाहत्तरी राहू द्या, जमलं तर ऐंशीची बघू. आता अडचण एवढीच होती की मधली मनस्विनी आणि धाकटी सायली चौदा महिने एकमेकींशी बोलत नव्हत्या.

कारण एका ड्रमाचं होतं. निळा, दोनशे लिटरचा, झाकणासकट. बाहेरच्या माणसाला हे कारण फुटकळ वाटेल. पण तेव्हा शहरात नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचं, तिकडे लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं, आणि कडेकडेनं नव्या इमारती मात्र पाण्याची वाट न बघता उगवत होत्या. अशा दिवसांत माणूस गळ्यातली साखळी मागितली तर देईल, ड्रम देणार नाही. मनस्विनीनं दिला. सायलीच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती, म्हणून दिला. वास्तुशांत झाली, ड्रम परत आला, आणि पुढच्या पाण्याला मनस्विनीच्या लक्षात आलं की ड्रमात वीतभरच पाणी टिकतंय. बुडापासून वीतभर वर, बोटभर लांबीची चीर होती. तिनं फोन केला. सायली म्हणाली, मी धडधाकट पाठवला. मनस्विनी म्हणाली, म्हणजे मी खोटी. बोलणं तिथं संपलं.

मधे तो ड्रम पोचवला कुणी, हे दोघींनाही ठाऊक होतं. पण केशवरावांवर संशय घ्यायचं कुणाच्या मनात आलं नाही. औरंगपुऱ्यातल्या कचेरीत सत्तावीस वर्षं नाकासमोर चाललेला माणूस. त्या दिवशीही ते रिक्षात नाकासमोर बघतच बसले होते, त्यामुळे मागं बांधलेला ड्रम खोदलेल्या रस्त्याच्या खडीवर कधी पडला ते त्यांना दिसलं नाही. कळल्यावर त्यांनी मागं जाऊन तो उचलला, धूळ झटकली आणि उस्मानपुऱ्यात मनस्विनीच्या गच्चीवर चीर भिंतीकडे करून ठेवून दिला. योग्य वेळ बघून सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं. पण आधी दोघी भांडल्या, मग त्यांच्यात अबोला झाला, आणि अबोल्यात योग्य वेळ कुठली सापडणार?

शेवटी उपाय काढला तो त्यांच्या लेकीनं, ओवीनं. एक जुनी, नावाजलेली कादंबरी, तीन बहिणींची, तिच्यावर सिनेमा आला होता. सगळ्या घरानं मिळून बघावा असा. बघून दगडालाही पाझर फुटतो, असं ती म्हणाली. ज्या शहरात तीनशे फूट खणूनही पाझर फुटत नव्हता तिथं हे जरा धाडसाचंच होतं, पण पद्मजाबाईंना पटलं. त्यांनी दोन्ही बहिणींना जोडीनं बोलावलं आणि दोघींनाही सांगितलं, की दुसरी येणार नाही.

केशवरावांनी तिकिटं काढायच्या आधी पाणी सोडणाऱ्या कडुबाला विचारलं. त्याला विचारल्याशिवाय त्या भागात बारसं होत नसे की साखरपुडा. कडुबा म्हणाला, "ऐतवारी पाणी नाय. सोमवारी हाय. तुमी बिनघोर पिक्चर बघा."

रविवारी दुपारी थिएटरात दोघी बहिणी समोरासमोर आल्या. दोघींनी एकदम थोरलीकडे बघितलं. पण दिवे मालवले गेले आणि भांडण पडद्यापुरतं तहकूब झालं. एका टोकाला मनस्विनी आणि तिचा नवरा वरद, दुसऱ्या टोकाला सायली आणि अमेय, मधे केशवराव आणि पद्मजाबाई. पडद्यावर बर्फ पडत होता. तीन बहिणींच्या वडिलांचं घड्याळ फुटलं होतं आणि मधली धाकटीला दोष देत होती. केशवरावांना घाम आला.

तेवढ्यात पद्मजाबाईंचा फोन थरथरला. शेजारच्या लक्ष्मीबाई होत्या. "पद्माताई, पाणी आलंय. लई धार हाय. अन् तुमच्या आई हंडा घेऊन गच्चीकडं निघाल्यात, माझं ऐकंनात."

तिघी बहिणी एकदम उठल्या. आवडाबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन दोनच महिने झाले होते. केशवराव उठायला लागले तर पद्मजाबाईंनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. "तुम्ही नका येऊ, पायात पायात याल. तिघं बसा अन् गोष्ट नीट बघून ठेवा. आईला सांगायचीय." तिघी एकाच रिक्षात बसून गेल्या.

राहिले तीन साडू. या तिघांचं मात्र मेतकूट जमलेलं होतं. बायकांच्या अबोल्यातही शनिवारची रमी एकदाही चुकली नव्हती. तिघांनी गोष्ट इमानानं बघितली. शेवटाला घरातला म्हातारा माळी टोपी काढून तिन्ही बहिणींपुढे उभा राहतो आणि म्हणतो, घड्याळ माझ्या हातून पडलं, सांगायचा धीर झाला नाही. सगळं थिएटर मुसमुसत होतं. केशवराव तर हुंदके देत होते. त्या भरात ते वरदकडे वळले.

"वरदराव, तो ड्रम माझ्या हातनं फुटला. रिक्षातनं पडला."

 चौदा महिने वरद अर्ध्या बादलीत आंघोळ करत होता आणि उरलेल्या अर्ध्या बादलीचं कारण रोज ऐकत होता. अमेयनं तर सायलीची शपथ खरी मानली नव्हती म्हणून चार दिवस डबा विकत खाल्ला होता. दोघांनी आपसात ठरवून एकच सांगितलं. आम्ही चुगली करणार नाही. घरी गेल्या गेल्या तुम्हीच तिघींपुढं सांगायचं. केशवरावांनी डोळे पुसत कबूल केलं.

घरी वेगळंच दृश्य होतं. तिघी पायरीवर बसून चहा पीत होत्या, आणि घरातलं चमच्याखेरीज प्रत्येक भांडं भरलेलं होतं. त्याचं असं झालं, की पाणी चाळीस मिनिटं आलं, आणि चाळीस मिनिटांत मोटर, पाइप, टाकी आणि आई सांभाळायची तर अबोला धरून चालत नाही. आधी "पाइप धर" झालं, मग "सायले, भिजशील," मग "मनुताई, तू सर, मी उचलते." टाकी भरेपर्यंत दोघी हसायला लागल्या होत्या. ड्रम जुनाच होता, उन्हानं तडकला असेल, असा निकालही लागून गेला होता.

आवडाबाईंनी पाय लांब करून विचारलं, "जावईबापू, काय होती गोष्ट?"

केशवराव खुर्चीत बसले. वरद आणि अमेय दाराशी उभे राहिले. केशवरावांनी बर्फ सांगितला, घड्याळ सांगितलं, भांडण सांगितलं. बहिणींचं मन कसं जुळलं तेही सांगितलं.

"पण मग घड्याळ फोडलं कुणी?" सायलीनं विचारलं.

केशवरावांनी तिघींच्या हसऱ्या तोंडांकडे बघितलं. सगळं इतकं जुळून आलं होतं. त्यांनी घसा साफ केला.

"ते शेवटपर्यंत कळत नाही," ते म्हणाले.

वरद आणि अमेय चपला घालून बाहेर पडले.

पंचाहत्तरी झकास झाली. तिन्ही लेकींनी एका तबकानं ओवाळलं आणि आवडाबाईंनी पाटावर बसून डोळ्याला पदर लावला. फोटोच्या वेळी मात्र दोन धाकटे जावई एका कोपऱ्यात आणि केशवराव दुसऱ्या कोपऱ्यात उभे होते, ते काही केल्या जवळ येईनात. रमी दोन शनिवार बंद होती. काय बिनसलं, ते कुणी सांगेना.

पद्मजाबाईंनी ओवीला बाजूला घेतलं. "बघ गं," त्या म्हणाल्या, "साडूंवर काही पिक्चर निघालाय का."

केशवरावांनी ताटातला पेढा उचलून तोंडात टाकला आणि तो पुरता विरघळेपर्यंत तोंड उघडलं नाही.