मल्लूअण्णांचं क्रूझ

आमचे शेजारी मल्लूअण्णा स्वतःच्या उजव्या पायाबद्दल बोलतात ते घरातल्या वाया गेलेल्या पोराबद्दल बोलावं तसं. सकाळी गेटपाशी भेटले की पायाकडे बोट दाखवून म्हणणार, "सर, हे बेणं लई वाईट. डावा बघा, गरीब गाय. कधी कुणाच्या अध्यात न्हाय, मध्यात न्हाय. पण ह्यो उजवा! सांगून सांगून थकलो, ऐकतच न्हाय."

सुरुवातीला मला वाटलं, संधिवात असेल. मी एक तेल सुचवलं. अण्णा म्हणाले, "तेल लावून सुधारणारं बेणं न्हाय हे."

अण्णांची शेतीपंपांची एजन्सी होती. सगळा जिल्हा त्यांनी आपल्या गाडीतून पालथा घातला, आणि तोही अॅक्सिलरेटरवर उजवा पाय दाबून, भन्नाट वेगात. "बसा की, पोचलोच!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा मलाही त्यांनी मंद्रूपला नेलं होतं. वाटेत मी इतके देव आठवले की आमच्या घरात तेवढ्यांचे फोटोही नाहीत. उतरलो तेव्हा अण्णा घड्याळ बघून खुशीत हसत होते.

तीन वर्षांपूर्वी त्याच रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करताना त्यांची गाडी शेतात उतरली. अण्णांना साधं खरचटलंही नाही. शेजारी बसलेल्या गिरिजाकाकूंचं मात्र खांद्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण तेव्हापासून काकू चाकाच्या कुठल्याच वस्तूत बसेनात. कार नको, रिक्षा नको, एस.टी. नको. भाजीला चालत, देवळात चालत, लग्नालाही चालत. लग्न लांबचं असलं की आहेराचं पाकीट आमच्या हातात.

आता काकूंचं माहेर अक्कलकोट. थोरली बहीण, अक्का, तिथं अंथरुणाला खिळलेली. तिला येता येत नाही, हिला जाववत नाही. रोज संध्याकाळी दोघींचा फोन चालायचा आणि शेवटी काकू म्हणायच्या, "बरतीनी अक्का, बरतीनी." येते गं, येते. मला कन्नड येत नाही, पण भिंतीपलीकडून ऐकून ऐकून तो शब्द पाठ झाला. फोन ठेवल्यावर काकू बराच वेळ ओट्यापाशी नुसत्या उभ्या असतात, हे माझ्या बायकोनं मला सांगितलं होतं.

अशात दिवाळीनंतर अण्णांच्या डोक्यात खूळ शिरलं. गाडीला क्रूझ कंट्रोल बसवायचं! म्हणजे वेग ठरवून बटण दाबायचं, मग पाय उचलला तरी गाडी त्याच वेगानं चालत राहते.

"अहो अण्णा, सोलापुरात?" मी म्हणालो. "इथं सात रस्ता चौकातून निघून जरा सरळ जायचं म्हटलं तर गाय, रिक्षा आणि वरात एकदमच आडवी येते."

"तुमाला न्हाय कळायचं सर."

गॅरेजवाले सलीमभाईही हेच सांगून दमले. "अण्णा, नवे गाडियां में सब कंप्यूटर रहता. तुमारी गाडी बुढ्ढी, सादी केबल पे चलती. नक्को ये भानगड."

पण अण्णा कसले ऐकतात! कुठून तरी सगळं सामान मागवलंच. अॅक्सिलरेटरची केबल ओढायला एक मोटर, वेग मोजायला चाकाच्या दांड्यावर लोहचुंबक, आणि ब्रेकला पाय लागला की सगळं बंद करणारी एक वायर. सलीमभाई बरेच दिवस गाडीखाली होते. तिथून फक्त त्यांचे पाय आणि शिव्या बाहेर यायच्या.

बसलं एकदाचं. खरं भांडण झालं ते बटणांवरून. अण्णांना ती ड्रायव्हरसमोर नको होती, पलीकडच्या सीटसमोर हवी होती.

"बटनां ड्रायवर के हात में होना! उधर कायकू?"

"उधरच," अण्णा म्हणाले.

वर बटणांखाली कन्नड अक्षरं चिकटवून घेतली. सलीमभाईंनी माझ्याकडे बघून कानाजवळ बोट फिरवलं. मीही मान हलवली.

चाचणीला बळीचा बकरा मीच. होटगीच्या रस्त्याला लागलो, चाळीसवर अण्णांनी दाखवलेलं बटण मी दाबलं, त्यांनी पाय मागं घेतला आणि गाडी खरंच आपली आपण चालायला लागली. मी खूश! तेवढ्यात पुढं म्हशी.

"सर, कमी करा, कमी!"

मी जन्मभर गणित शिकवलं, पण कन्नड अक्षरापुढे माझा पुरता निकाल लागला. घाईघाईत नेमकं वाढवायचं बटण दाबलं. गाडी म्हशींच्या दिशेनं निघाली. अण्णांनी करकचून ब्रेक मारला. एका म्हशीनं बॉनेट हुंगलं आणि म्हशीवाल्यानं आमच्या दोघांच्या वयाचा उद्धार केला.

मी भडकलो. "मराठीत लिहायला काय धाड भरली होती?"

अण्णांनी गाडी रस्त्याकडेला घेतली. मग म्हणाले, "ती कन्नड शाळेत शिकली, सर. घाईत तिला कन्नडच वाचता येतं."

"कोण?"

"गिरिजा. त्या दिवशी ती सारकी म्हणत हुती, हळू चालवा, हळू चालवा. मी म्हणालो, बस की, पोचलोच." त्यांनी बटणांकडे बोट दाखवलं. "आता वेग तिच्या हातात. माझ्याकडं निस्ता ब्रेक."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. मी उगाच सीटबेल्ट काढला आणि परत लावला.

त्या रविवारी काकू गाडीच्या उघड्या दारापाशी खूप वेळ उभ्या होत्या. अण्णांनी बटणं समजावून सांगितली. 'बस' मात्र म्हणाले नाहीत. शेवटी काकूंनी मला विचारलं, "सर, तुम्ही बसला होता की ह्यात? कसं वाटलं?"

"मस्त," मी म्हणालो. म्हशी गाळल्या.

"मग तुम्ही मागं बसा."

बसलो. गाव सुटून अक्कलकोटचा रस्ता लागल्यावर काकूंनीच बटण दाबलं, चाळीसवर. आम्हाला ट्रकनं मागं टाकलं, टेम्पोनं टाकलं, गवताचा भारा घेतलेल्या एका लुनावाल्यानंसुद्धा वळून बघत मागं टाकलं. अण्णांचा जीव नुसता वर-खाली होत असणार. पण हूं नाही की चूं नाही. काकूंचं बोट 'कमी'च्या बटणावरून हलत नव्हतं. नजर काट्यावर. काटा चाळीसवर ठाम.

वळसंग मागं पडलं. काकूंनी काट्यावरची नजर काढून पहिल्यांदा खिडकीबाहेर पाहिलं. मग अण्णांकडे पाहिलं.

"असं गेलं तर अक्काचं जेवण होऊन ती झोपून जाईल," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी वेग वाढवायचं बटण दाबलं. थोडं थांबून पुन्हा दाबलं.

अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसायला लागले.

"अहो!" काकू ओरडल्या. "रडायचं ते अक्काच्या घरी जाऊन रडा. आधी पुढं बघा की!"