कारागिराने टाकीची दाढी केली

गोष्ट तशी एवढीशी. कारागिराने आपल्या दुकानात काचेची एक टाकी ठेवायचं ठरवलं. आता टाकी ठेवण्यात वाईट काय? काही नाही. पण काही माणसांचं असं असतं, की ती नुसती शिंकली तरी शेजारच्याचं छप्पर उडतं.

सगळी गल्ली त्याला कारागीर म्हणायची. चाळीस वर्षं एकच दुकान, एकच आरसा आणि एकच विनोद. (तो विनोद आम्हीही शंभरदा ऐकलाय, आणि शंभरदा हसलोय. गळ्यावर वस्तरा असताना माणूस हसतोच.)

दुखणं समोर होतं. त्याच्याच हाताखाली शिकलेल्या शागिर्दाने रस्त्यापलीकडे सलून थाटलं होतं. थंड हवा, गाणी, गरागरा फिरणाऱ्या खुर्च्या. गर्दी इतकी, की आत बसायला जागा नाही. लोक नंबराची चिठ्ठी मुठीत धरून फुटपाथवर उभे. (कारागिराचे केस इतकी वर्षं हा शागीर्दच कापायचा. न्हाव्याला जगाची मान दिसते, स्वतःची दिसत नाही.) आणि इकडे कारागिराच्या बाकड्यावर एकटे पोस्टमास्तर. रिटायर झालेले. डोक्यावर मोजून अकरा केस, पण पेपर फुकट म्हणून रोज हजर.

"असंच चाललं तर दोन महिन्यांत शटर ओढावं लागेल," कारागीर एक दिवस बायकोला म्हणाला. "मग काय, दिवसभर घरीच बसेन तुझ्यासमोर."

बायको हादरली. तिने त्याच मिनिटाला जावयाला फोन लावला.

जावयाला समुद्राच्या टाकीचा नाद. तो म्हणाला, "बाबा, माणूस थांबतो कुठे? जिथे बघायला काहीतरी असतं तिथे." आणि त्याने खरंच दुकानात समुद्र आणून ठेवला. खारं पाणी, पांढरी वाळू, चार खडबडीत दगड, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे, आणि एका दगडावर बोटभर जिवंत पोवळं. ते दिवसा पंजा उघडायचं आणि पाण्यात डुलत राहायचं, जसं काही सगळ्या गल्लीला टाटा करतंय.

"बाबा, तीनच गोष्टी लक्षात ठेवा," जावयाने बजावलं. "दिवा फक्त सहा तास. खाणं चिमूटभर, तेही एक दिवसाआड. आणि आत हात घालायचा नाही. नवी टाकी आहे, सुरुवातीला रुसेल. आधी तपकिरी होईल, मग हिरवी होईल. होऊ द्यायची."

"अरे, चाळीस वर्षं माणसं सांभाळली. दोन मासे काय जड आहेत?"

जावई कामासाठी महिनाभर बाहेरगावी गेला.

पहिले आठ दिवस मजेत गेले. फुटपाथवरची माणसं वाकून बघायला लागली, दोघं तर आत येऊन दाढीही करून गेले. कारागिराने ठरवलं, दिवा दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत चालू ठेवायचा. गिऱ्हाईक काय घड्याळ बघून येतं?

दुसऱ्या आठवड्यात वाळूवर चहा सांडल्यासारखा तपकिरी थर आला. तिसऱ्या आठवड्यात दगडांवर हिरवी लव फुटली, कॉलेजातल्या पोराच्या ओठावर फुटते तशी. मग मिशी आली. मग कल्ले. आणि एका सकाळी शटर वर करून बघतो, तर चारही दगड भरघोस दाढी सोडून बसलेले.

एक नवा माणूस आत आला, त्याने टाकी बघितली आणि विचारलं, "काका, कापलेले केस तुम्ही असे पाण्यात का साठवता?"

तो दाढी न करताच गेला. हे मात्र कारागिराच्या फार जिव्हारी लागलं.

"आत हात घालायचा नाही म्हणाला होता," पोस्टमास्तर पेपरातून म्हणाले.

"हात नाही घालत. वस्तरा घालतो."

त्याने बाह्या वर सारल्या, टाकीच्या कडेने स्वच्छ टॉवेल गुंडाळला आणि सवयीने दगडाला विचारलं, "मिशी ठेवायची का?" मग उतरला कामाला. आम्ही स्वतः बघितलंय, सांगतो. असा हात आता कोणाचा नाही. पोवळ्याला धक्का न लावता चारही दगड गुळगुळीत केले. सवयीने तुरटीही उचलली होती. पोस्टमास्तर ओरडले म्हणून ती पाण्यात पडायची वाचली.

पण दुकानात केस कापला की खाली पडतो, झाडू मारला की संपलं. पाण्यातला केस पडत नाही. तो हिंडतो. हजार हिरवे तुकडे टाकीभर हिंडले, ज्याला जिथे जागा मिळाली तिथे बसले, आणि चौथ्या दिवशी दगडांना तर दाढी होतीच, पण काचेला, नळीला आणि पोवळ्याच्या गळ्यालाही आली.

"तुम्हीच पोरांना सांगता ना," पोस्टमास्तर म्हणाले, "वरचेवर केली की दाट येते म्हणून?"

"तुम्ही पेपर वाचा."

दहा दिवसांत चार वेळा दाढी झाली. पोवळ्याने टाटा करणं सोडलं आणि मूठ आवळून घेतली. गिऱ्हाईक तर सोडाच, समोरचे नंबरवालेही काचेतून बघून नाक मुरडायला लागले. कारागिराचं खाण्यापिण्यावरचं मन उडालं. चार दगडांची दाढी करता करता स्वतःची करायची राहिली.

महिन्याने जावई आला. टाकीपुढे उभा राहिला. वाकून आत बघितलं.

"बाबा, खाणं किती घालता?"

"चिमूटभर. सकाळी." कारागिराने टॉवेलची घडी घातली. "आणि दुपारी. आपण डबा उघडायचा आणि त्यांनी बघत राहायचं, बरं दिसतं का?"

जावयाने सासूकडे बघितलं. सासूने छताकडे बघितलं.

"मी डबा घेऊन येते ना, तेव्हा टाकते थोडंसं," ती म्हणाली. "ह्यांचं लक्ष असतं होय कशात? म्हटलं, उपाशी मरतील बिचारे."

बाकड्यावर पेपर सळसळला.

"पोस्टमास्तर?"

"मी आपलं संध्याकाळी," पेपर म्हणाला. "हे दोघं अगदीच निष्काळजी आहेत हो. आणि मासे माझ्याकडे बघून तोंड उघडतात."

"ते भिंतीकडे बघूनही उघडतात!" जावयाने खाण्याचा डबा उघडला. वर्षभराचं खाणं तळाला गेलं होतं. "दोन मासे किती खाणार? उरलेलं सगळं ह्या शेवाळाने खाल्लं. तुम्ही तिघं त्याला चार वेळा जेवायला घालता, बारा तास उजेड देता, आणि वर त्याची दाढी करता. एवढी सेवा माझी लग्नातसुद्धा झाली नाही, बाबा!"

मग तो कामाला लागला. पाणी ओढणारी नळी एका हातात, दुसऱ्या हाताने शेवाळ मुळासकट उपटायचं, आणि उपटलेलं लगेच नळीतून बादलीत. अर्धं पाणी बदललं. खाण्याचा डबा घरी घेऊन गेला. शेवटी एका पिशवीतून सहा गोगलगायी काढून आत सोडल्या.

"हे सहा कारागीर. ह्यांच्या कामात लुडबुड करायची नाही."

कारागिराच्या मनाला ते लागलं, पण तो गप्प बसला. गोगलगायी मात्र बसल्या नाहीत. दगडाच्या एका टोकाला लागायच्या आणि दोन दिवसांनी दुसऱ्या टोकाला निघायच्या, मागे चकाचक वाट. पंधरा दिवसांत वाळू पांढरी झाली, काच इतकी स्वच्छ झाली की दिसेना, आणि एका सकाळी पोवळ्याने मूठ उघडली.

आणि काय सांगू, माणसं आली! बाकडं भरलं. मागून दोन स्टुलं आणली, तीही भरली. कोण गोगलगायीवर पैज लावतंय, कोण माशांना शीळ घालतंय. कारागिराचा ऊर भरून आला. त्याने नवा टॉवेल फटकन झटकला.

"या, पहिलं कोण?"

कोणी हललं नाही.

"आम्ही नुसते बसलोय, काका," एक जण लाजत म्हणाला. त्याने मूठ उघडली. मुठीत चिठ्ठी. "नंबर समोरचा आहे. तिकडे बसायला जागा नाही, आणि बघायलाही काही नाही."

सगळ्यांच्या मुठी उघडल्या. सगळ्यांत चिठ्ठ्या.

इतक्यात शागीर्दच दारात आला. मान खाली घालून म्हणाला, "वस्ताद, तुमचे उपकार आहेत. माझी गिऱ्हाइकं आता उन्हात उभी राहत नाहीत." मग आवाज चढवला, "पाच नंबर!"

एकमेकांच्या चिठ्ठ्या बघून झाल्या. पाच कोणाचाच नव्हता.

"अहो, उठा," कोपऱ्यातून बायको म्हणाली. "तुमचा आहे. मीच सकाळी काढून आणलाय."

"माझा?"

"दीड महिना झाला, आरशात तोंड बघितलंत का? समोर जेवायला बसता, तर मला टाकीतलाच दगड बसल्यासारखं वाटतं."

कारागिराने गालावरून हात फिरवला. बोटं आत गेली ती लवकर बाहेर येईनात. त्याने टॉवेल खुर्चीवर ठेवला, दारापर्यंत गेला, आणि भरलेल्या दुकानाकडे वळून बघितलं. "पण इथे कोणी आलं तर?"

"सावकाश जाऊन या हो," पोस्टमास्तर काचेवरची नजर न काढता म्हणाले. "सहा कारागीर आहेत दुकानात."