दोन इंच आखूड

"किती इंच?" गॅरेजवाल्यानं विचारलं.

"दोन. मागून-पुढून सारखी," टेलरमास्तर म्हणाले आणि खिशातला खडू काढून सवयीनं त्यांनी गाडीच्या दारावर रेघही ओढून टाकली.

तीस वर्षं मास्तरांनी लोकांचे कपडे आखूड केले होते. पँट, बाही, पडदा, जे जे लोळेल ते ते कापायचं. जगातली निम्मी दुखणी दोन इंच कमी केली की बरी होतात, असं त्यांचं ठाम मत होतं. सध्याचं दुखणं म्हणजे आईचे गुडघे. गाडी उंच, आईचा पाय काही वर उचलेना. त्यामुळे तीन वर्षं आई गाडीत चढली नव्हती आणि तीन वर्षं तिची थोरल्या बहिणीशी, म्हणजे मास्तरांच्या मावशीशी, गाठ नव्हती. मावशी राहायची डोंगरापलीकडे, गाडीनं दीड तास. आणि तिचे गुडघे तरी काय, त्याच घराण्यातले! गेल्या आठवड्यात फोन ठेवता ठेवता आई म्हणाली, "आता कसली भेट? आवाज ऐकायचा आणि गप्प बसायचं." मास्तर शेजारीच कापड कापत होते. त्यांचा हात थांबला. फार वाईट वाटलं त्यांना.

"आखूड स्प्रिंगा घालाव्या लागतील," गॅरेजवाला म्हणाला. "आणि आखूड म्हणजे कडकही. दणके बसतील हं, मास्तर."

"कडक कशाला? मी फक्त उंची कमी करायला सांगतोय."

"मऊ ठेवली तर खड्ड्यात पोट टेकेल ना तिचं. खाली जागा कुठे उरली?"

"अहो, पँट आखूड केली म्हणून कंबर आवळते का कधी?"

गॅरेजवाल्यानं डोकं खाजवलं. "पँटचं मला ठाऊक नाही. गाडीची आवळते. पण वळणावर बघा तुम्ही! जरा म्हणून कलणार नाही."

मास्तरांना काही उमजलं नाही. दणके वाढणार आणि कलणं कमी होणार, म्हणजे गाडी बिघडणार की सुधारणार? पण कारागिरानं दुसऱ्या कारागिराला फार प्रश्न विचारू नयेत, म्हणून त्यांनी मान डोलावली.

रविवारी सकाळी दारात गाडी उभी राहिली, ती कुणी वरून दाबून बसवल्यासारखी. आई पाठमोरी झाली, जराशी वाकली आणि धप्प! आत.

"अरे! पाय उचलावाच लागला नाही रे मला!" आईनं डोळ्यांना पदर लावला. मास्तरांची छाती दोन इंच फुगली. बायको मागे बसली आणि स्वारी निघाली.

गल्लीच्या तोंडाशीच दाणकन काहीतरी झालं.

"अहो, खड्डा होता का?" बायकोनं विचारलं.

"नाही. पांढरा पट्टा होता."

"रंगवलेला?"

"हो."

"म्हणजे आता आपल्याला रंगसुद्धा लागतो?"

पुढे स्पीडब्रेकर आला. गाडीची पुढची चाकं चढून उतरली आणि खालून करकर असा आवाज आला, की मास्तरांना नवं कापड फाटल्यासारखं झालं. त्यांनी घाईघाईनं गाडी मागे घेतली. वजन कमी केलं तर गाडी थोडी वर उचलली जाईल, एवढा हिशेब त्यांना जमला. आता वजन कुणाचं कमी करायचं? स्वतः उतरले तर चालवणार कोण? आईला उतरवणं शक्य नाही. त्यांनी आरशातून बायकोकडे पाहिलं.

"कळलं मला," बायको म्हणाली आणि उतरली.

गावाबाहेर पडेपर्यंत असे सात स्पीडब्रेकर लागले. सातही वेळा बायको उतरली, चालत पलीकडे गेली, गाडी तिच्यामागून तिरकी तिरकी आली आणि बायको पुन्हा चढली. तिसऱ्या वेळी एका सायकलवाल्यानं थांबून विचारलं, "ताई, काही मदत हवीय का?"

"नको दादा," बायको म्हणाली. "सहलीला निघालोय आम्ही."

सरळ रस्त्याला आईची तक्रार सुरू झाली. "हळू घे रे! दात हलतायत माझे. असलेले तरी राहू देत." मास्तर बैलगाडीच्या चालीनं निघाले. मग डोंगर सुरू झाला. पूर्वी तिसऱ्या वळणाला आईला गाडी लागायची, पिशवी मांडीवरच तयार असायची. मास्तरांनी जीव मुठीत धरून पहिलं वळण घेतलं. दुसरं घेतलं. तिसरं, चौथं, पाचवं. आई आपली ताठ बसलेली, चेहऱ्यावर तेज.

"आई, मळमळतंय का?"

"छे रे! झोकांड्याच नाहीत मुळी. जरा जोरात घे की!"

"वळणावर?"

"मग कुठे? सरळ रस्त्याला तुझी गाडी आपटते."

मास्तरांचं डोकंच चालेना. आख्खं जग वळणावर हळू जातं आणि सरळ रस्त्यावर पळतं. यांनी उलटं चालवायचं? त्यांनी उलटं चालवलं.

मावशी ओट्यावर काठी टेकून उभीच होती. "धाकटे!" ती ओरडली. "ताई!" आई ओरडली आणि उतरायला लागली. लागली ती लागलीच. गुडघे कमरेच्या वर, हाताला आधार नाही. मास्तरांनी पुढून ओढलं. बायकोनं मागच्या सीटवरून ढकललं. आई जरा वर आली आणि पुन्हा धप्प! दहा पावलांवर बहीण, आणि मध्ये मास्तरांची दोन इंच अक्कल!

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला ते बजावत आले होते, बसून बघा, उठून बघा, मगच कपडा घेऊन जा. आईला बसवून पाहिलं. उठवून पाहायचं राहिलंच.

"राहू दे," आईचा आवाज बारीक झाला. "इथूनच बघितलं तिला. चल घरी."

"घरी कसली जातेस?" मावशी काठी टेकत ओटा उतरली, गाडीला वळसा घालून आली आणि मास्तरांच्या जागेवर, स्टिअरिंगसमोर, धप्प! दार ओढून घेतलं. मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि नुकसान भरून काढल्यासारख्या एकदमच बोलायला लागल्या.

दोन तास झाले. मावशीच्या सुनेनं घरातून हाक मारली, "आई, कपाटाची किल्ली कुठंय?"

"शोध!" मावशी गाडीतूनच ओरडली. "मला उठता येत नाही!" आणि दोघी खदखदून हसल्या.

मास्तरांनी ओट्यावर बसून गॅरेजवाल्याला फोन लावला. "जुन्या स्प्रिंगा आहेत ना? उद्याच्या उद्या गाडी होती तशी—"

"खबरदार!" खिडकीतून आईचं डोकं बाहेर आलं. "हात लावायचा नाही गाडीला!"

"अगं पण आई, दणके? आणि तुला उतरता कुठे येतंय?"

"तेच तर! पन्नास वर्षांत आम्ही दोघी अशा बसलोच नाही रे. बसलं की हाक. पाणी आण, दार उघड, हे कुठंय, ते कुठंय. आज कुणाची बिशाद आहे आम्हाला उठवायची?"

खिडकीची काच वर गेली. मास्तरांनी फोन बंद केला. आपलं माप चुकलं की नेमकं बसलं, तेच त्यांना कळेना. घसा कोरडा पडला होता. शेजारी बायको पायांना चोळत बसली होती, सात स्पीडब्रेकर चाललेल्या पायांना.

"अगं," मास्तर म्हणाले, "जरा पाणी आण गं."

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं. मग गाडीकडे पाहिलं. ती उठली, मागचं दार उघडलं आणि धप्प.

मग मास्तर स्वतः उठून घरात गेले, तीन पेले भरून आणले आणि तीन खिडक्यांतून आत दिले.