वाचल्याशिवाय वळायचं नाही

आमच्या तेरखेड्यात रद्दी वाचायची नसते, वळायची असते. तिच्या फटाक्यांसाठी पुंगळ्या होतात, पुंगळ्यांत दारू भरली जाते आणि दिवाळीला ती रद्दी कुठल्या कुठं जाऊन फुटते. पण माझे शेजारी गोरोबातात्या प्रत्येक पान आधी मोठ्यानं वाचायचे, मगच वळायला घ्यायचे. निविदा, निधनवार्ता, वधू पाहिजे, काही म्हणजे काही सुटायचं नाही. "मास्तर, न वाचता फोडलं तर लिवणाऱ्याचा तळतळाट लागतंय," असं वर मलाच ऐकवायचे.

ओसरीवर समोर त्यांची बायको, आमच्या काकू. तात्यांचं एक पान वाचून होईतो काकूंच्या दहा पुंगळ्या झालेल्या असायच्या. हा माणूस पक्का कामचुकार, असं माझं मत होतं आणि ते मी बायकोला रोज सांगायचो.

मी निवृत्त मास्तर. एका पेपरात दर रविवारी ललित लेख लिहायचो. चार रविवार झाले आणि आतलं सगळं संपलं. कोरा कागद समोर घेतला की घाम फुटायचा. नेमके तेव्हाच तात्या फाटकाशी हजर. "मास्तर, इषय हाय."

विषय म्हणजे काय, तर यष्टीत एका म्हातारीनं कोंबडीचं तिकीट मागितलं. पोस्टाच्या डब्यात चिमणीनं घर केलं. गिरणीवाल्याची बायको माहेरी गेल्यापासून पीठ जाडं यायला लागलं. मी म्हणायचो, तात्या, ह्यात काय आहे लिहिण्यासारखं? आणि तात्यांची पाठ वळली की दार लावून तेच लिहायचो. लोक म्हणायचे, मास्तर, नजर लई बारीक तुमची. मी खुशाल मान डोलवायचो. लेखात तात्यांचा उल्लेख 'एक परिचित'. तोही कधीमधी.

तात्यांनी माझ्याकडं एकदाच काही मागितलं. काकू अंथरुणाला खिळल्या होत्या. फाटकाशी येऊन म्हणाले, एकदा हिच्यावर लिवा की. मी बघू म्हणालो. लिहायला बसलो आणि सुचले तात्याच. बायको राबतेय, नवरा निविदा वाचतोय. शेवटी टोला हाणला, की ह्या घरात फटाके काकू करतात आणि आवाज तात्या. गाव पोट धरून हसलं. टपरीवर पोरंसोरं तात्यांना पेपर पुढं करून "वाचा, वाचा" म्हणायला लागली. तात्या फाटकाशी यायचे बंद झाले.

मग काकू गेल्या. पुढं दोन महिन्यांनी मी धीर करून त्यांची ओसरी चढलो. तात्या पुंगळ्या वळत होते. भराभर, एकही पान न वाचता. मला ते बघवेना. आता वाचत नाही का, असं विचारून बसलो.

"कुणाला वाचू?" तात्या म्हणाले. "मला कुठं नाद हुता? नाद तिला. अक्षर येत न्हवतं तिला. म्हणायची, तुमी वाचा, तुमच्या वाटणीचं म्या वळते. इषय बी समदे तिचेच. म्या निस्ता फाटकापतूर आणायचो."

काकू माझा प्रत्येक लेख ऐकायच्या म्हणे. आपला विषय आला की त्या दिवशीच्या पुंगळ्या वाकड्या व्हायच्या.

मी भीत भीत त्या लेखाचं विचारलं. तात्यांचा हात थांबला.

"मास्तरांनी लिवलंय म्हणलं, तशी उठून बसली. आता तसलं कसं वाचावं? तवर तिला एक अक्षर खोटं वाचून दावलं न्हवतं. त्या दिशी पदरचं घातलं. मास्तर, तेवढं छापा. म्हंजे खरं हुईल."

पेपरनं माझं सदर तोवर बंद केलं होतं. ते सांगायची मला लाज वाटली. काय वाचलंत, एवढंच विचारलं. त्यांना पाठ होतं, तेही अगदी पेपरच्या भाषेत. काकूंचं नावसुद्धा मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं भिंतीला भिंत, आणि मी म्हणे बारीक नजरेचा.

सदर नसलं तरी हा लेख त्या ओळींसाठी लिहिला. माझा एकही शब्द न घालता त्या उतरवतो.

"ह्या सदराचे विषय सौ. कौशल्याबाई देतात. त्यांना अक्षर येत नाही, पण गावात बघण्यासारखं काही घडलं तर ते आधी त्यांना दिसतं. मास्तर फक्त लिहून घेतात."