हिलालबाईची आखाजी

आमच्या गावचे हिलाल आबा रोज सकाळी डोक्यावर हिरव्या लुगड्याचा पदर घेतात आणि तळ्याच्या काठावर उभे राहून मोठमोठ्यानं शिव्या देतात. माणूस बाकी चांगला उंचापुरा. पदराखालून त्या पांढऱ्या झुबकेदार मिशा बाहेर आल्या की नवखा माणूस जागच्या जागी थांबतो. गेल्या हिवाळ्यात पक्ष्यांचे फोटो काढायला आलेली शहरातली दोन पोरं आबांना बघून कॅमेरा टाकून पळाली, असं गावात सांगतात. पळाली नव्हती. मी तिथं होतो. त्यांनी फक्त बदकांवरचा कॅमेरा आबांकडे वळवला.

गावाला गोष्ट वाढवून सांगायची सवयच आहे. आबांबद्दल तर दोन गोष्टी पक्क्या झाल्यात. एक, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. दोन, त्यानं पलीकडच्या धुडकू नानाला शिव्या देऊन देऊन मारलं. दोन्ही खोट्या. खरं काय ते मला माहीत आहे, कारण या सगळ्याचं मूळ मी आहे. आजवर मी गप्प बसलो. आता माझंही वय झालं. मी गेल्यावर हे कोण सांगणार?

पारोळ्याहून भडगावकडे जाताना मध्येच आत वळलं की आमचं तळं लागतं. अलीकडच्या काठावर आमचं पळासदरे, पलीकडे उंबरखेडे. काठाला बेशरमाच्या झुडपांची दाटी, वर बाभळी, पाण्यात आडव्या पडलेल्या म्हशी. तळं मध्येच कमरेत बारीक झालंय. तिथं अलीकडे हिलाल आबांचं घर आणि बरोबर समोर धुडकू नानांचं. दोघांच्याही बायका देवाघरी गेलेल्या, दोघांच्याही अंगणातून पाणी दिसतं. उन्हाळ्यात तर तिथलं पाणी इतकं आटतं की म्हशी चालत पलीकडे जातात. हे दोघं मात्र कधी एकमेकांच्या काठावर गेले नाहीत.

दिवस उगवला की आबा काठावर यायचे आणि हाळी द्यायचे, "अरे धल्ला! मरना का?"

धल्ला म्हणजे आमच्या अहिराणीत म्हातारा, आणि मरना का म्हणजे मेलास का. पलीकडून लगेच उत्तर यायचं, "तुना तेरावानी बुंदी खाईसन मरसू!"

म्हणजे तुझ्या तेराव्याची बुंदी खाऊनच मरेन. मग सुरू. आबा म्हणायचे, "तुना दात खेकडा लई गया!" नाना म्हणायचे, "तुनी म्हैस तुनापेक्षा शहानी शे! ती आंघोय तरी करस!" पाण्यावरून आवाज असा सरकत जायचा की दोन्ही गावांना चहासोबत आयता करमणुकीचा कार्यक्रम. म्हशी धुणारे हात थांबवून ऐकायचे आणि एखादी शिवी फार चांगली पडली तर "वा!" म्हणायचे. घसा सुकला की दोघं आपापल्या घरी जात.

आमच्याकडे तळ्याच्या काठी शिव्या देणं नवं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी आणि गावातल्या सुना गौराई घेऊन तळ्यावर येतात. पळासदऱ्याच्या बाया इकडे, उंबरखेड्याच्या तिकडे. गाणी म्हणून झाली की दोन्ही काठांवरून शिव्यांचा असा काही मारा होतो की पुरुषांनी कानांवर हात ठेवावेत. त्या शिव्यांचा कोणी राग धरत नाही, तसा रिवाजच आहे. पण ती आखाजी वर्षातून एकदा आणि फक्त बायकांची. हिलाल आबांची आखाजी रोज.

आता माझं. मी भुसावळला रेल्वेत मालगाडीचा गार्ड होतो. सगळी नोकरी शेवटच्या डब्यातून झेंडी दाखवण्यात गेली. निवृत्त होऊन गावी आलो, तर लोकांनी मला गावच्या तंटा मिटवायच्या समितीचा अध्यक्ष केलं. कारण काय, तर माझ्याकडे शिट्टी होती आणि मी वेळेवर यायचो. गावात तंटाच नाही असं दाखवलं तर सत्कार होणार होता. बाकी सगळी भांडणं मिटली. उरलं एकच, आणि ते तर रोज दोन गावांना ऐकू जात होतं.

मी आबांना विचारलं, "भांडण कशावरून आहे?"

आबा विचारात पडले. म्हणाले, "त्यानी म्हैस मनं पानी गढूय करस."

पलीकडे जाऊन नानांना विचारलं. ते म्हणाले, "त्याना आवाजखाले मना मासा पयी जातस."

मासे पळतात म्हणे! नानांनी जन्मात कधी गळ टाकला नव्हता. त्याच वेळी मला कळायला हवं होतं. पण गार्डला पुढचं इंजिन कुठं दिसतं?

संक्रांतीनंतर तळ्याच्या बांधावरच्या देवळासमोर मोठा कार्यक्रम केला. मांडव, माईक, दोघांच्या गळ्यात हार. दोघांना एकमेकांच्या तोंडात पेढा भरवायला लावला. नाना पेढा चघळत राहिले आणि आबा माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांची म्हैस परस्पर विकलीय. मग मी माझी सगळ्यात हुशार गोष्ट केली. आमच्याकडे तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन केलेली शपथ कोणी मोडत नाही. मी कळशीभर पाणी मागवलं आणि दोघांकडून वदवून घेतलं, की यापुढे एकमेकांना शिवी देणार नाही. टाळ्या झाल्या. मी सवयीनं शिट्टी वाजवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यावर फक्त बदकं बोलत होती. मी अभिमानानं चहा प्यालो.

मग हळूहळू बातम्या यायला लागल्या. आबा रोज काठावर येतात, घसा खाकरतात, पलीकडे बघतात आणि परत जातात. म्हशीशीही बोलत नाहीत. एकदा मीच म्हटलं, "आबा, राम राम घाला की नानांना."

आबा म्हणाले, "राम राम? त्याले? काय दुखनं लागनं का त्याले?"

होळीच्या आधी पारोळ्याच्या बाजारात नानांची सून सुमनबाई भेटली. मिरच्या तोलून घेत होती. मला बघितलं आणि तराजू तसाच सोडून आली.

"भाऊ, तुम्हीन आम्हना धल्लाले मुका करी टाकं."

"अगं, मी तर भांडण मिटवलं!"

"भांडन?" ती म्हणाली. "तो तिकडून बोंबलना म्हणजे आम्हना धल्ला उठे. काय शिवी देवानी ते रातपासून ठरायी ठेवे. माले म्हने, सुमन, आज देख कसी मारस. आते उठस नही, जेवस नही. भितीकडे तोंड करीसन पडेल शे."

मी मिरच्या न घेताच घरी आलो. सरळ आबांकडे गेलो. म्हटलं, "आबा, माझं चुकलं. समितीचा अध्यक्ष म्हणून सांगतो, द्या शिव्या."

आबांनी मान हलवली. "हातमा पानी लिसन शपथ लिधी शे, भाऊ. आते ते पानी परत तयामा सोडता येस का?"

मी उठलो. दारापर्यंत आलो तेव्हा मागून आबांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आखाजी कव्हय शे?"

आखाजीच्या दिवशी मी सायकल काढली आणि बांधावरून उंबरखेड्याला गेलो. नाना खरंच भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी आणि सुमनबाईनं खाटेसकट त्यांना अंगणात आणलं. ते माझ्याकडे बघायलाही तयार नव्हते. समोरच्या काठावर आमच्या गावच्या बाया गौराई घेऊन उतरत होत्या. गाणी झाली, शिव्या सुरू झाल्या. आणि त्या घोळक्यात मला एक जण बाकीच्यांपेक्षा हातभर उंच दिसली. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, पदराखाली मिशा.

बाया पोट धरून हसत होत्या. "ये वं हिलालबाई! पुढे ये वं!"

ते लुगडं आबांच्या बायकोचं. ती गेल्यापासून आबांनी ते ट्रंकेत घडी घालून ठेवलं होतं, कोणाला हात लावू देत नव्हते. आखाजीच्या शिव्या फक्त बायकांच्या, आणि त्या दिवशीची शिवी शिवी धरत नाहीत. आबांनी दोन्ही नियम पाळले होते.

हिलालबाई पाण्यात घोट्यापर्यंत उतरली आणि ओरडली, "अरे धल्ला! मरना का?"

नाना खाटेवर हलले. कोपरावर उठले. सुमनबाई आधार द्यायला गेली तर तिचा हात झटकला.

"कोन बाई शे वं ती?" ते बारीक आवाजात म्हणाले. मग डोळ्यांवर हात धरून नीट बघितलं आणि त्यांची छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. मी घाबरलो. पण ते हसत होते. "तुनी मिशीले चोटी घाल वं, सटवी!" ते ओरडले. "तुना तेरावानी बुंदी खाईसन मरसू!"

दोन्ही काठांवरच्या बाया शिव्या विसरून टाळ्या वाजवायला लागल्या. त्या दिवशी नानांनी दोन वाट्या आमरस आणि पुरणाची पोळी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी आखाजी संपली होती. तरी सकाळी आबा पदर घेऊन काठावर हजर. मी म्हटलं, "आबा, शपथ?"

"शपथ हिलालनी लिधी व्हती," आबा म्हणाले. "हिलालबाईनी नही."

नानांची शपथही हिलालपुरतीच होती, हिलालबाईला ती लागू नव्हती. हे झालं पदराचं. डोक्यावर परिणाम झालेल्या माणसाला इतकं सुचत नाही.

आता दुसरी गोष्ट. पावसाळ्यात तळं भरलं, सांडव्यावरून पाणी पडायला लागलं. काठ लांब गेले आणि नानांचा आवाज बसत चालला. मी माझ्या कौतुकासाठी जे महिने गप्प करून टाकले, ते त्यांच्या चांगल्या आवाजातले होते. हे मला तेव्हा कळलं, आणि अजून छातीवर बसलेलं आहे. पण नानांनी हार मानली नाही. आबांची हाळी आली की ते काठीनं पितळी थाळी बडवायचे. आबा कान देऊन ऐकायचे आणि म्हणायचे, "हां. जित्ता शे." पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे नाना झोपेतच गेले. सुमनबाई सांगते, थाळी उशाशी होती. शिव्यांनी मारलं म्हणणाऱ्यांनी तिला जाऊन विचारावं.

तेराव्याला आबा जन्मात पहिल्यांदा पलीकडे गेले. बुंदी वाढली. आबांनी ती चाखली नाही, रुमालात बांधून घेतली.

त्यानंतरही ते रोज सकाळी पदर घेऊन यायचे, हाळी द्यायचे, थोडं थांबायचे आणि घरी जायचे. मला माझ्या ओट्यावरून ते दिसायचं. शेवटी एका सकाळी मी सायकल काढली, बांधावरून पलीकडे गेलो आणि नानांच्या अंगणात उभा राहिलो. घसा साफ केला आणि हाक मारली, "हिलाल आबा! आपण जिवंत आहात का?"

आबांनी पदर कानामागे सारला.

"कोन शे रे तो? तहसीलदार?"

"मी! गार्ड!"

"मंग शिवी दे ना!"

मी विचार केला. नोकरीत सगळा जन्म कागदी मराठी बोलण्यात गेला. म्हटलं, "तुमच्या मिशा बकरी खावो!"

"ती बकरी बी रडी!" आबा ओरडले. तळ्यात म्हशी धुणारे हसायला लागले. सुमनबाई पदर तोंडाला लावून आत पळाली. मला वाटलं, संपलं. आबा आता वळतील.

आबांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि पुन्हा हाळी दिली, "अरे धल्ला! मरना का?"

धल्ला म्हणजे मीच, हे कळायला मला थोडा वेळ लागला. सुमनबाईनं आतून थाळी आणून माझ्यापुढे धरली. मी ती बाजूला केली, खाली पाण्याजवळ गेलो आणि आई ज्या भाषेत मला हाका मारायची, त्या भाषेत जेवढा दम होता तेवढ्यानं ओरडलो, "तुना तेरावानी बुंदी खाईसन मरसू!"