आवृत्ती सात

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांचा स्वतःचाच परवाना आज संपत होता आणि सरकारी संकेतस्थळ त्यांना आत घ्यायला तयार नव्हतं. "आपला ब्राउझर चालणार नाही. आवृत्ती सात वापरा," एवढंच ते सकाळपासून सांगत होतं. मास्तरांनी फोन बंद करून चालू केला, शेजाऱ्यांचा लॅपटॉप मागून आणला, त्याला दमात घेतलं. उत्तर तेच.

"उद्या सकाळी सहा जण शिकायला येणार! ही आवृत्ती सात आता मिळते तरी कुठे?"

"दातांच्या डॉक्टरांकडे," वाचनालयात नोकरी करणारी बायको भाजी निवडत म्हणाली. "त्यांचं एक्स-रेचं मशीन जुनं, म्हणून संगणकही जुना."

मास्तरांचा चेहरा पडला. नवशिक्याच्या शेजारी बसून भर रहदारीत जांभई देणारा हा माणूस दातांच्या दवाखान्याची पाटी दिसली की रस्ता बदलायचा. डावी दाढ वर्षभर ठणकत होती, तर ते वर्षभर उजवीकडून चावत होते.

"मी फक्त फॉर्म भरणार," त्यांनी बजावलं.

"फक्त फॉर्म," म्हणत बायकोने चपला घातल्या.

डॉक्टर भला माणूस. "भरा की! पण एक फोटो काढल्याशिवाय हा संगणक पुढे सरकत नाही. बसा खुर्चीत. आ करा."

पडद्यावर दाढ उमटली. डॉक्टर चष्मा वर करून बघतच राहिले.

"दाढ कसली, भुयार आहे हे! आजच काढायला हवी."

"आणि फॉर्म?"

"वहिनी भरतील. तोवर भूल चढेल."

अशा रीतीने दोन्ही कामं एकदमच सुरू झाली.

"अहो, रक्तगट?"

"ऑ!"

"ओ. आणि ओळखीची खूण?"

"आ आ आईऽऽ!"

"आईचं नाव नंतर विचारतायत."

दाढ निघाली. फॉर्मही संपला. शेवटी मास्तरांना कॅमेऱ्यासमोर बसवलं. बोळ्याने फुगलेला गाल आणि भुलीने लोंबणारा ओठ संकेतस्थळाने नीट न्याहाळला आणि कळवलं, "चेहरा जुळत नाही. कार्यालयात समक्ष हजर राहावे."

दोघं धावतपळत कार्यालयात पोचली. खिडकीतल्या कारकुनाने मास्तरांकडे पाहिलं, जुन्या फोटोकडे पाहिलं, बायकोच्या तोंडून सगळी हकिकत ऐकली आणि हसू दाबत शिक्का मारला.

"पण वहिनी, त्यासाठी दवाखाना कशाला? तुमच्या वाचनालयात आहे की तसला संगणक! परवा माझ्या भावाचा फॉर्म तुम्हीच नाही का भरून दिलात?"

मास्तरांची मान सावकाश बायकोकडे वळली.

"दिला ना," परवाना पर्समध्ये ठेवत ती म्हणाली. "पण वाचनालयात दाढा काढत नाहीत."

मास्तरांनी तोंड उघडलं.

"अहं! तासभर बोलायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय," ती म्हणाली आणि त्यांचा हात धरून जिना उतरू लागली.