चार पद्धती आणि सिंकखालचं कपाट

वायसरकाका सिंकखालच्या कपाटात अडकले तेव्हा बाहेर त्यांचे फक्त दोन पाय होते. उजव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, आणि ते भोक तासाभरात अख्ख्या इमारतीने बघितलं. घर एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचं. सिंकखाली टपटप गळत होतं, काका कमरेला हत्यारांचा पट्टा बांधून, पाना घेऊन डोक्याकडून आत शिरले, कमरेपर्यंत गेले आणि तिथे घोडं अडलं. ना पुढे, ना मागे.

तीस वर्षं प्लंबिंग केलेला माणूस हो हा! नळ कुठलाही असो, काका कान लावून ऐकणार आणि म्हणणार, "वायसर गेलाय." म्हणून तर नाव पडलं वायसरकाका. अशा माणसाला शेवटी त्यांच्या मेहुण्याने दोन्ही घोटे धरून ओढून काढलं, तेव्हा त्यांच्याबरोबर कपाटाची एक फळीही बाहेर आली. मेहुणाही प्लंबरच, पण अंगाने असा शिडशिडीत, की कपाटात काय, पाइपातही शिरेल. शेजारच्या कुणीतरी हे सगळं मोबाइलवर टिपलं. संध्याकाळपर्यंत काकांचा मोजा काकांपेक्षा प्रसिद्ध झाला.

बाई शिस्तीच्या. त्यांनी गळक्या पाइपाखाली बादली सरकवली आणि बजावलं, "काम अर्धवट राहिलंय. महिनाअखेरपर्यंत तुमच्या हातून पूर्ण झालं नाही, तर या इमारतीतल्या चाळीस घरांचं काम तुमच्या मेहुण्याकडे. इमारतीची सेक्रेटरी मी आहे, हे लक्षात असू द्या."

चाळीस घरं! काकांची निम्मी रोजीरोटी त्या एका इमारतीत होती. घरी येऊन ते खुर्चीत बसले आणि पोटावर दोन्ही हात ठेवून त्याच्याकडे वैऱ्यासारखं बघू लागले.

"याला काढूनच टाकतो," ते म्हणाले.

"कुणाला? माझ्या भावाला?" काकूंनी दचकून विचारलं.

"पोटाला गं, पोटाला! चरबी नळीने ओढून काढतात म्हणे. लायपोसक्शन. म्हणजे चोक-अप काढण्यातलाच प्रकार. हे मला समजतं."

समजतं, इथेच सगळी गोम होती. ज्याला काही समजत नाही तो रुग्ण मुकाट्याने टेबलावर झोपतो. काका तसे झोपणार नव्हते.

काकूंना बरोबर घेऊन काका ज्या डॉक्टरांकडे गेले, ते असे सडपातळ, की समोरून बघा नाहीतर बाजूने, फरक पडत नसे. त्यांनी हसतमुखाने सांगितलं, "झोपा, आधी पोट तपासू."

"तपासायचं काय त्यात, दिसतंय की!" काका म्हणाले. "आधी पद्धती सांगा. कशाने ओढता?"

डॉक्टरांना वाटलं, वा, जागरूक रुग्ण आहे. त्यांनी चार पद्धती समजावल्या. पहिली ट्यूमेसंट: भूल मिसळलेलं मीठपाणी चरबीत सोडायचं, जागा चांगली फुगली की पातळ नळीने सगळं ओढून घ्यायचं. दुसरी अल्ट्रासाउंड: ध्वनिलहरींनी चरबी सुटी करायची. तिसरी लेझर: उष्णतेने वितळवायची. चौथी वॉटरजेट: पाण्याच्या बारीक फवाऱ्याने सोडवत सोडवत काढायची. "प्रत्येक पद्धतीचे फायदे-तोटे आहेत," ते शेवटी म्हणाले. "घाई करू नका. निवड शांतपणे करायची."

काकांनी खिशातून पेन्सिल काढून कानावर ठेवली. हे काम सुरू झाल्याचं लक्षण होतं, आणि काकूंनी डोळे मिटून घेतले.

"पहिलीत आधी टाकी भरायची आणि मग रिकामी करायची. रिकामीच करायची तर भरायची कशाला? दुसरीत लहरी सोडणार. आम्ही भिंतीला ड्रिल लावतो तेव्हा वरच्या मजल्यावरचा नळ गळायला लागतो, डॉक्टर. माझे शेजारचे जॉइंट सुटले तर जबाबदार कोण?"

"तसं नसतं हो..."

"तिसरीत वितळवणार. वितळलेलं तूप-तेल गार झालं की पाइपात त्याचा दगड होतो. मी रोज फोडतो ते दगड, मला विचारा! राहिली चौथी. प्रेशर किती? आणि पंपाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे का? नाहीतर दुसऱ्याचं काढलेलं माझ्यात यायचं."

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप उचलला. "आपण... आधी पोट तपासूया का?"

"पुढच्या वेळी. आज विचार करतो."

विचार काकांनी बाहेर बसून केला, आणि तोही मोठ्याने. बाहेर पाच-सहा जण ताटकळत होते. दंड बारीक करून घ्यायला आलेल्या एक ताई कान टवकारून ऐकत होत्या. दुसऱ्या आठवड्यात काका पुन्हा आले, तेव्हा त्यांनी चारही पद्धतींचे नकाशे वहीत काढून आणले होते, बाण-बिण दाखवून. ताईंनी ते शेजारणीला दाखवले. शेजारणीने एका गृहस्थांना दाखवले. त्या दिवशी डॉक्टरांकडे आत गेलेल्या प्रत्येकाने खुर्चीत बसल्याबसल्या एकच प्रश्न विचारला, "पंपाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे का?"

"सिस्टर!" डॉक्टर ओरडले. "तो मनुष्य बाहेर ओपीडी चालवतोय का?"

"हो ना," सिस्टर म्हणाल्या. "आणि माझ्याही घरचा नळ गळतोय म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, वायसर गेलाय."

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी ठरवलं, आज या माणसाचं पोट तपासायचंच. काका आत आले आणि जागच्या जागी थबकले. तपासणीच्या खोलीतल्या बेसिनखालून आवाज येत होता. टप. टप. टप.

"अरेरे," काका म्हणाले. "ज्यांचं बेसिन गळतंय ते माझ्यात नळी घालणार?"

"त्याचा इथे काय संबंध?" डॉक्टरांचा आवाज चढला. "तुम्ही प्लंबर ना? करा की मग बंद!"

काकांचा चेहरा पडला. "मी कपाटात शिरायचं सोडलंय, डॉक्टर. बारीक होईपर्यंत नाही शिरणार," ते हळूच म्हणाले. काकूंनी पदर तोंडाला लावला, पण हसायला नाही. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

"आवळायचंय काय, एक नट!" तीन आठवडे साचलेलं सगळं डॉक्टरांच्या अंगात आलं. "अहो, मी रोज माणसांच्या पोटात हात घालतो, हे तर कपाट आहे! द्या तुमच्या खिशातला तो पाना!" असं म्हणून ते बेसिनखालच्या कपाटात सुळकन शिरलेसुद्धा. आतून खुडबुड ऐकू आली. टपटप थांबली. "झालं!" डॉक्टरांचा विजयी आवाज आला. मग बराच वेळ काहीच आलं नाही.

"डॉक्टर?"

"मी... बाहेर येऊ शकत नाहीये."

काका खाली वाकले. बाहेर दोन पाय होते. पायांत महागाचे बूट होते, एवढाच फरक. काकांच्या अंगात एकदम तीस वर्षांचा अनुभव संचारला. त्यांनी स्टूल ओढलं, कानावर पेन्सिल ठेवली आणि घसा साफ केला.

"घाबरू नका. तुम्हाला काढायच्या चार पद्धती आहेत. पहिली, साबणाचं पाणी चारी बाजूंनी सोडायचं, चांगलं मुरू द्यायचं आणि मग ओढायचं. दुसरी, बाहेरून फळीवर हातोडीने बारीक बारीक ठोके देत सुटं करायचं. तिसरी करवत. चौथी, पाइप सोडून पाण्याचा फवारा मारायचा. प्रत्येक पद्धतीचे फायदे-तोटे आहेत."

"अहो, कुठलीही करा!"

"असं कसं? निवड रुग्णाची. घाई करू नका, शांतपणे ठरवा. आणि सिस्टर, तो तुमचा संमतीचा फॉर्म आणा."

"फॉर्म?" आतून किंकाळी आली.

"कपाट मोडलं तर नंतर मला बोलाल."

सिस्टरांनी फॉर्म आणि पेन पाइपाच्या फटीतून आत सरकवलं. अंधारात आडवं पडून केलेली ती सही डॉक्टरांच्या नेहमीच्या सहीपेक्षा स्पष्ट होती. पद्धत निवडली होती पहिली. काकांनी मगभर साबणाचं पाणी ओतलं, डॉक्टरांच्या कमरेभोवती हात फिरवला आणि एकदम थांबले. पट्ट्याला लटकवलेला किल्ल्यांचा जुडगा नळाच्या कॉकमध्ये अडकला होता. त्यांनी तो सोडवला, आणि डॉक्टर साबणाच्या वडीसारखे सटकन बाहेर आले.

दारात सिस्टर मोबाइल उंचावून उभ्या होत्या.

"पुसा आधी ते," काका करड्या आवाजात म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. माणसाचे पाय असे दाखवायचे नसतात." सिस्टरांनी खाली मान घालून व्हिडिओ पुसला. डॉक्टरांनी ओल्या कपड्यांनिशी काकांकडे बघितलं, आणि त्या बघण्यात पहिल्यांदाच राग नव्हता.

पण काकांचं लक्ष कुठे होतं! ते जमिनीवर फतकल मारून बसले होते. "अगं," ते काकूंना म्हणाले, "हे एवढे काडीसारखे, तरी अडकले. किल्ल्यांमुळे! आणि त्या दिवशी माझ्या कमरेला काय होतं? हत्यारांचा पट्टा! पट्टाच अडकला होता गं, पोट नाही! माझं पोट निर्दोष आहे!"

"अहो, पोट तपासू तर द्या!" डॉक्टर मागून ओरडले. पण काका रस्त्याला लागलेसुद्धा.

मुख्याध्यापिकाबाईंच्या स्वयंपाकघरात अर्ध्या तासात गर्दी जमली. काकांनीच जमवली. मोजा पाहिलेल्या प्रत्येकाला आज वर बोलावलं होतं, मेहुण्यालाही. काकांनी कमरेचा पट्टा सावकाश सोडला, सगळ्यांना दाखवला आणि ओट्यावर ठेवला. मोजेही आज नवे कोरे होते. मग मोठा श्वास सोडून ते कपाटात शिरले.

आतून कर्रकर्र आवाज आला. बादलीत पडणारे थेंब विरळ झाले, मग थांबले. बाईंनी पाइपाखाली कोरडा कागद धरून पाहिला. कोरडाच राहिला. टाळ्या पडल्या. मेहुण्यानेही वाजवल्या, अगदी मनापासून.

"या आता बाहेर," बाई म्हणाल्या.

"आलोच. जरा तपासतोय."

पाच मिनिटं गेली. "भाऊजी?" मेहुणा म्हणाला.

"तपासतोय म्हटलं ना!"

आणखी दहा मिनिटांनी काकू गुडघ्यांवर बसल्या आणि नवऱ्याच्या नव्या मोज्याला हळूच हात लावून म्हणाल्या, "अहो, खरं सांगा."

"...डॉक्टरांना फोन लाव," कपाट म्हणालं. "साबणाचं पाणी घेऊन या म्हणावं."

डॉक्टर आले. एका हातात साबणाची बाटली, दुसऱ्या हातात फॉर्म, आणि चेहऱ्यावर असा आनंद, की कुणाला वाटावं लग्नघरी आलेत. पण त्यांनी बाटली बाजूला ठेवली आणि बाही वर केली. "आता हलू शकत नाही ना? छान. तीन आठवडे वाट बघतोय." त्यांनी कपाटाच्या दारातून हात घालून काकांचं पोट चहूबाजूंनी दाबलं, वाजवलं, चिमटीत धरायचा प्रयत्न केला. चिमटीत काही आलं नाही.

"वाटलंच होतं," ते म्हणाले. "ढोलासारखं टणक आहे. कातडीखालची चरबी थोडीच, सगळी आत, आतड्यांभोवती. तिथे आमची नळी जातच नाही. चारही पद्धती तुमच्या उपयोगाच्या नाहीत."

बाहेरचे नवे मोजे एकदम ताठ झाले.

"मग हे तीन आठवडे का नाही सांगितलंत?"

"तीन आठवडे तुम्ही पंपाबद्दल बोलत होतात."

"मग आता?" आतून आवाज आला, आणि त्यात सगळा जोर ओसरला होता. "दर वेळी असा अडकलो तर चाळीस घरं जाणार माझी."

"रोज भरपूर चालायचं, जिने चढायचे, बेताने खायचं. दुसरा इलाज नाही," डॉक्टर म्हणाले. काकूंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण मुख्याध्यापिकाबाईंनी हात वर केला आणि वर्ग गप्प झाला.

"काम चोख झालंय," बाई म्हणाल्या. "चाळीसही घरं तुमचीच. मात्र अट आहे. इमारत सात मजली आहे. रोज सकाळी सातही मजल्यांवर जाऊन सगळे नळ तपासायचे, आणि लिफ्टला हात लावायचा नाही. कपाटात तूर्तास मेहुणा शिरेल, तुम्ही बाहेरून सांगायचं."

"मंजूर!" काका आतून ओरडले, इतक्या जोरात की वरची भांडी वाजली. "सगळं मंजूर! आता मला बाहेर काढा!"

डॉक्टरांनी स्टूल ओढलं, त्यावर ऐसपैस बसले आणि खिशातून पेन काढून कानावर ठेवलं.

"काढू की," ते म्हणाले. "चार पद्धती आहेत. घाई करू नका."